सर्व्हरची खोळ

नाही, पण मला सांगा, खोळ? सर्व्हरला खोळ? मिक्सरला असते, मान्य. फ्रिजच्या हँडलला असते, तेही मान्य... पण अहो, चोवीस तास चालणाऱ्या मशीनला कुणी पडद्याच्या कापडाची, झालर लावलेली, खाली इलॅस्टिक भरलेली खोळ घालतं का?

तुम्हाला सांगते, जीव ओतून बांधला होता मी तो डबा! एकाच डब्यात दोन्ही, घरभर इंटरनेट पुरवणार तोच आणि घरातले सगळे फोटो-व्हिडिओ सांभाळणारही तोच. का? तत्त्व म्हणून! आपले घरचे फोटो परक्या कंपनीच्या कपाटात का? ती म्हणे आपले चेहरे वाचते, आवडीनिवडी विकते! विश्रांतवाडीच्या आमच्या हॉलमध्ये मी भाषणच ठोकलं. बाबा मूळचे यवतमाळकडचे, पेपर खाली न करता म्हणाले, "बोलते तर झकास वो सृष्टीबाई! पण चालू हाय ते काहून बिघडवते?"

आता डिस्क दोन लावायच्या असतात, एक गेली तर दुसरी. मला कळत नाही का? कळतं! पण दुसरी यायला आठवडा होता आणि क्रांती कुणी पुढच्या आठवड्यावर ढकलतं का? फोटो डब्यात उतरवले आणि कंपनीकडचे पुसले. तिथली कचरापेटीसुद्धा रिकामी केली. सगळ्यांचे फोनही साफ करून दिले, आईचा तर आग्रहानं!

आणि मग खोळ!

मी हिंजवडीत, ऑफिसात. घरून काम करणाऱ्या दादाचा फोन, "सृष्टे, मीटिंगमध्ये साहेबाचं तोंड उघडंच राहिलंय, नेट गेलं!" धावत घरी आले. पाहते तर... कोपऱ्यात गुलाबी फुलाफुलांचं काहीतरी बसलेलं. हात लावला तर तवा! आणि आई कौतुकानं, "कशी बसली ना मापात? धूळ बसे गं माय त्याच्यावर. तुह्या जिवाचा डबा तो!"

अगं, त्याला श्वास घ्यायचा असतो! मागून गरम हवा सोडायची असते! खोळ ओढून काढली, आत डिस्क टकटक... टक... संपलं. आता काय करायचं ते शोधावं तर नेट हवं, आणि नेट कुठंय? त्याच खोळीत मेलंय! फोनच्या नेटवर धडपड केली, दुसऱ्या मशीनला डिस्क जोडून पाहिली. ढिम्म!

आई जवळ आली. हळूच विचारलं तिनं, "त्याच्यात माह्या बाबाचं हसणं होतं ना गं?"

आजोबांचा एवढाच एक व्हिडिओ होता हो. बोरं खाता खाता ठसका लागून हसतायत. आजोबा जाऊन चार वर्षं झाली. मी तत्त्वासकट, हातात मेलेली डिस्क घेऊन उभी. शिव्या तरी द्यायच्या होत्या तिनं! नाही. ती त्या खोळीच्या घड्या घालत बसली.

आणि मग एकदम उठली, मुक्ताईमावशीला फोन लावला दारव्ह्याला. "अवं मुक्ते, बाबाचं ते बोरावालं सृष्टीच्या फोनवर पाठव बरं."

पाचव्या मिनिटाला आजोबा हसायला लागले! माझ्याच फोनमध्ये! मी रडतेय, आई रडतेय, बाबा पेपरामागे नाक ओढतायत. मग तर टिंग, टिंग, टिंग... थांबेचनात! आमचं सगळं आयुष्य दारव्ह्याहून परत यायला लागलं. माझे दात पडलेले फोटो, नाकात बोट घातलेले फोटो, कॉलेजचे, ऑफिसचे! म्हणजे इतकी वर्षं आई सगळं पाठवत होती? "सगळं?" "मंग? बहीण हाय ते माही!"

मावशी फोनवर खूश. "तुहा तो चष्म्यातला फोटो तं म्या साऱ्या सोयऱ्यात फिरवला! पुसदच्या पोराले लय आवडली तू. रविवारी येऊन राहिले ते लोक."

कंपनीनं फार तर मला चपलांच्या जाहिराती दाखवल्या असत्या हो... रविवारी पोहे खायला कुणाला धाडलं नसतं!