चांदीच्या वर्खाची गोळी

नाव मुक्ताबाई जोतीराम डोंगरे, वय ३१ वर्षे, धंदा विड्या वळणे, मूळ गाव मोहोळ, सध्या राहणार अक्कलकोट रोड, सोलापूर. दिनांक ११ मार्च १९७६.

मी आज चौकीत समक्ष हजर राहून सांगते की, मी वरील ठिकाणी पती जोतीराम, सासरे रामहरी व सासू गोजरबाई यांच्यासह राहते. पती मिलमध्ये कामाला आहेत. माझी नणंद चांगुणा हिने तक्रार दिली आहे की, मी सासऱ्यांना अन्नातून पत्रा चारला. तक्रार खोटी आहे.

सासऱ्यांना पंधरा दिवसांपूर्वी रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या चंदेरी कागदाच्या पट्टीत येतात. सासऱ्यांना कमी दिसत असे व हात कापत असे. म्हणून मीच रोज कागद फाडून गोळी त्यांच्या तळहातावर ठेवत होते.

पुढचे परपुरुषांसमोर सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगितल्याशिवाय माझी सुटका नाही. गेल्या शुक्रवारी सकाळी मला कावळा शिवला. घरात देवीची परडी असल्याने शिवाशीव कडक आहे. तीन दिवस कशाला हात लावायचा नाही व पुरुषमाणूस जेवत असताना तोंड उघडायचे नाही, अशी आमच्यात रीत आहे. मी दाराआडच्या कोपऱ्यात पोते टाकून बसले होते.

दुपारी सासऱ्यांचे जेवण होत आले तेव्हा सासूबाईंनी माझ्या सुपातली, विडीची पाने कापायची कात्री घेतली. त्यांनी पट्टीतली एक गोळी कागदासकट चौकोनी कापली व तशीच सासऱ्यांच्या हातावर दिली. पूर्वी सासऱ्यांना एका हकिमाचे औषध होते. त्या गोळ्यांना चांदीचा वर्ख असायचा व त्या वर्खासकट गिळायच्या असत. सासूबाईंना ही गोळीही तसलीच वाटली. त्यांनी मुद्दाम केले असे माझे म्हणणे नाही.

मी कोपऱ्यातून म्हणाले, "मामा, वरचा कागद काढा की." सासरे म्हणाले, "जेवताना तुजा आवाज नगं." सासूबाईंनी माझ्यावर डोळे वटारले. सासऱ्यांनी गोळी पाण्याबरोबर गिळली. उठून हात धरला असता तर शिवाशीव झाली असती, म्हणून मी बसून राहिले.

शनिवारी त्यांचे पोट दुखू लागले. वात धरला म्हणून त्यांना ओवा दिला. मी पुन्हा कागदाचे बोलले, तर सासूबाई म्हणाल्या, वर्ख कधी कुणाला बाधला आहे का. रविवारी पोट दगडासारखे घट्ट झाले व उलट्या थांबेनात. पतींनी त्यांना मोठ्या दवाखान्यात नेले. तेथे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी कागदाचा तुकडा दाखविला व त्याच्या टोकदार कोपऱ्याने आतडे फाटल्याचे सांगितले.

तुकडा पाहून चांगुणाबाईंनी विचारले, असा कापायला कात्री कुणाची. सासूबाई म्हणाल्या की गोळ्या सूनच देते. मला त्यांचा राग आहे, तो मी लपवीत नाही. त्या भ्याल्या आहेत, हेही मला कळते. पतींना मी सर्व सांगितले. ते म्हणाले, "तुजं खरं असंल. पण आईला चौकीवर बसवू का म्या?" त्यांचे म्हणजे धरले तर चावते, सोडले तर पळते असे झाले आहे, आणि माझ्यासाठी कोणी बोलणारे राहिले नाही.

सोमवारी न्हाणे झाल्यावर मला दवाखान्यात जाऊ दिले. काल सासूबाई चहा प्यायला बाहेर गेल्या असता सासऱ्यांनी मला खुणेने जवळ बोलाविले व म्हणाले, "पोरी, तू सांगितलं व्हतंस. म्याच ऐकलं न्हाय." मी म्हणाले, हे सगळ्यांसमोर सांगा. त्यांनी हो म्हणून मान हलविली. सासूबाई परत येईपर्यंत त्यांची शुद्ध गेली होती. आज पहाटे ते वारले.

हे बोलणे झाले तेव्हा जवळ तिसरे कोणी नव्हते. शेजारच्या खाटेवरचा इसम झोपेत होता. मला दुसरा साक्षीदार नाही.

मला लिहिता-वाचता येत नाही. वरील मजकूर हवालदारांनी मोठ्याने वाचून ऐकविला. त्या वेळी माझे पती बाकावर बसलेले होते. कात्री सासूबाईंनी घेतली, हे वाचले गेले तेव्हा ते उठून बाहेर गेले. मजकूर मी सांगितला तसाच आहे. त्यातले काही खोडायचे नाही.

निशाणी अंगठा : मुक्ताबाई जोतीराम डोंगरे