दहा नंबरची जर्सी

अदनान संघातून गेला, तर मोहियुद्दीनला दहा नंबरची जर्सी, सगळ्या फ्री किक आणि फोटोतली मधली जागा मिळणार होती. आखाती देशातल्या शराफिया वस्तीत न्हाव्याकडे नंबर लावून बसलेल्या जयदीपला हा हिशेब शेजारच्या दोघांच्या बोलण्यातून लगेच उमगला. एक स्वतः मोहियुद्दीन, दुसरे त्यांच्या फुटबॉल संघाचे मॅनेजर हम्मादभाई.

“गेल्या शुक्रवारी चार पास चुकवले त्याने, भाई.”

“आणि दोन गोल मारले ते?”

“नशीब! तरी पोरं त्यालाच खांद्यावर घेतात. मी तीन वर्षं बाकावर बसून पाणी वाटतोय.”

“जळतोस तू त्याच्यावर.”

“मी? मीच त्याला तिकडे दूर डोंगरात, खमीस मुशैतला, माझ्या मेहुण्याच्या कंपनीत चिकटवला. जळणारा असं करेल?”

“जळणाराच करेल. म्हणजे कफील, व्हिसा देणारा मालकच, बदलतोय तो?”

“बदललासुद्धा! कागद कालच झाले, खलास. आता दहा नंबर मला द्या.”

“दिला. पण आपलं मैदान कुणाचं, ठाऊक आहे ना?”

“कुणाचं म्हणजे? दर शुक्रवारी फुकट खेळतो आपण.”

“अदनानच्या जुन्या कफीलचं. अदनान त्याच्याकडे कामाला होता, म्हणून मिळत होतं.”

“मग... या शुक्रवारी खेळायचं कुठे?”

“जर्सी घरीच घाल. भाभीला सांग, फोटो काढेल.”

न्हाव्याने मोहियुद्दीनला हाक मारली. तो उठलाच नाही. जयदीपने मनातल्या मनात बेरीज केली. अदनानला वरची नोकरी आणि खमीसची थंड हवा, मोहियुद्दीनला जर्सी. किंमत मोजली उरलेल्या पोरांनी, आणि त्यांना अजून ते माहीतही नव्हतं.