चालकाच्या डोक्यावरचं झाकण

खेळण्यांच्या दुकानात माझ्यापुढचे गृहस्थ हातात रणगाड्याचं मॉडेल घेऊन विक्रेत्याशी बोलत होते.

“हे किट सदोष आहे. तोफ समोर आणली की चालकाचं झाकण उघडत नाही. दोनदा कानस मारून पाहिली.”

“काका, खऱ्या रणगाड्यातही ते अडकतं.”

“मग आग लागली तर?”

“आधी तोफ फिरवायची.”

“आणि फिरवणाराच जखमी झाला तर?”

“घाबरताय काय एवढे? आत कोणी बसलेलं नाही!”

“माझा मुलगा बसतो. परवाच आघाडीवर गेला.”

विक्रेत्याने मॉडेल हातात घेऊन तोफ फिरवून पाहिली.

“दुसरं किट द्या. त्याच्या आईला सांगून आलोय, हेच खराब निघालं म्हणून.”

“काका, दुसऱ्यातही तेच होणार.”

“होऊ दे. त्याची तोफ मी मागे वळवून चिकटवीन.”