ग्वांगझूच्या मावशी

दुबईतल्या अल कुसैसच्या दवाखान्यात मी बाळाला घेऊन बसले होते. शेजारी मायलेकी.

"पर्णिका, एकटीनं मालाच्या पर्चेसला चीनला जाणं आता खलास!"

"आई, पहिल्याच दिवशी ग्वांगझूत फोन बंद पडला. हॉटेलचा पत्ता त्यातच."

"अगं बाई! मग?"

"तिथल्या एका नूडल्सवाल्या मावशींनी चार्जिंगला लावला. प्यायला गरम पाणी दिलं, जवळ बसवून घेतलं."

"म्हणजे माझा व्हिडिओ कॉल त्यांनी उचलला होता?"

"हो, मी हात धुवायला उठले होते. आणि तू त्यांनाच चोर म्हणून ओरडलीस."

"देवा! कळलं त्यांना?"

"छे! 'ममा, ममा' म्हणत हसल्या आणि माझ्यापुढे नूडल्सचा वाडगा ठेवला."

"पुन्हा कधी जायचंय तुला?"

"तू म्हणशील तेव्हा."

"बेसनाचे लाडू देते करून. आधी त्यांच्याकडे जा."