पिवळा स्टिकर

छोट्या : किती झालं?

ताई : एकतीस टक्के.

छोट्या : मघाशीही एकतीसच म्हणालीस.

ताई : एकतीसच आहे, तर बत्तीस कुठून आणू? दमलं असेल तुझं कॉपी करायचं मशीन. सकाळपासून सहा डिस्क गिळल्यात त्यानं. जरा दम खाऊ दे.

छोट्या : आवाज ऐक त्याचा. खर्र करतं, थांबतं, मागे जातं, पुन्हा खर्र. अडलंय ते ताई. खाली काही लिहून आलंय का?

ताई : आलंय, लाल अक्षरांत. वाचता येत नाही, असलं काहीतरी.

छोट्या : असलं काहीतरी नको. आहे ते वाच.

ताई : 'डिस्कचा हा भाग वाचता आला नाही. पुन्हा प्रयत्न करा किंवा सोडून द्या.' दोन बटणं आहेत.

छोट्या : सोडून द्या दाबू नकोस.

ताई : नाही दाबलं. हात मांडीवर आहेत माझे.

छोट्या : बाहेर काढ तिला. मऊ फडक्यानं पूस, मधून कडेकडे, सरळ. गोल गोल नाही.

ताई : मधून कडेकडे. सातव्यांदा सांगतोयस. बेचाळिशी उलटली तरी बहिणीला साधं फडकं मारता येतं, यावर तुझा विश्वास नाही.

छोट्या : बाकीच्या सहा कशा शहाण्यासारख्या आल्या. हीच का रुसली?

ताई : मग सहा आहेत ना. कार्डात गेल्या, कार्ड त्या हातात धरून खेळायच्या डबीत गेलं. त्यातला कुठलातरी खेळ घेऊन बस. तो मारामारीचा आहे, बेडकांचा आहे, फुटबॉल आहे.

छोट्या : त्या सहा हात बसावा म्हणून केल्या मी. कॉपी कशी करायची, फाइल कुठे ठेवायची, डबी काय मागते, हे सगळं कळावं म्हणून. चूक झालीच तर बेडकांवर व्हावी. खरी ही. टेकडीचा खेळ.

ताई : माहीत आहे रे मला.

छोट्या : माहीत असतं, तर बेडकांचं नाव काढलं नसतंस.

ताई : बरं, पुसली. घालते परत. हं, फिरायला लागली. दहा. अठरा. तेवीस.

छोट्या : वेग कमी केलास ना? सगळ्यात हळू ठेव.

ताई : ठेवलाय. एकोणतीस. छोट्या, मी काय म्हणते, त्या जुन्या खेळाच्या मशीनवरच खेळू या ना. टीव्हीला जोडून, पूर्वीसारखं.

छोट्या : एक तर त्या मशीनची मोटर गेलीय. आणि टीव्हीवर मला गाडी दिसली तर रस्ता दिसत नाही, रस्ता दिसला तर गाडी हरवते. कडांचं सगळं गेलंय. मधलं तेवढं उरलंय, नळीतून बघावं तसं. डबी हात लांब करून धरली, तर अख्खी मावते त्या नळीत. चार कोपरे धरून. गेल्या महिन्यात दुकानात धरून बघितली, तेव्हा रडायला आलं मला. किती दिवसांनी एखादी गोष्ट पूर्ण दिसली. दुकानदाराला वाटलं, किंमत ऐकून रडतोय.

ताई : एकतीस.

छोट्या : आणि?

ताई : खर्र.

छोट्या : किती वेळा झालं हे?

ताई : पाच. दुसरी कुठून मिळणार नाही का रे? जगात एवढे लोक जुने खेळ साठवतात म्हणतोस. कुणाकडे तरी असेलच की.

छोट्या : दोन महिने तेच केलं. हा खेळ कुणी फारसा घेतलाच नाही तेव्हा. टपालाची गाडी चालवायची, पत्रं पोचवायची. ना बंदूक, ना मारामारी. कोण घेणार? आपल्याला आईनं घेऊन दिला, कारण तो सगळ्यात स्वस्त होता. एकाकडे रिकामा डबा मिळाला, आत डिस्क नाही. मग जुने खेळ जपणाऱ्या लोकांचा एक गट आहे, तिथे विचारलं. त्यातला एकजण म्हणाला, आम्ही नऊ वर्षं हा शोधतोय, तुमच्याकडे असेल तर बहुधा तेवढाच उरलाय. जपून ठेवा, म्हणाला.

ताई : हे मला कधी सांगितलं नाहीस.

छोट्या : सांगून काय करायचं होतं? डिस्क होती ना घरात. बाहेर काढ, उलटी कर, चकचकीत बाजू बघ. ओरखडे आहेत?

ताई : बारीक आहेत. केसासारखे. दोन-चार.

छोट्या : त्यानं काही होत नाही. बरं, आता उजेडासमोर धर. आरपार काही दिसतं का?

ताई : नाही.

छोट्या : नीट बघ. टाचणीच्या टोकाएवढंही नाही?

ताई : नाही म्हटलं ना. घट्ट आहे.

छोट्या : ताई, कुठल्या उजेडासमोर धरलीस?

ताई : इथल्याच.

छोट्या : दिवा मी लावलेला नाही आणि खिडकी तुझ्या पाठीमागे आहे. खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही मला. एकोणीस वर्षं काचेच्या कारखान्यात बाटल्या तपासल्या मी. उजेडासमोर धरायची, बुडबुडा शोधायचा, पुढे सरकवायची. शेवटी कडेचं दिसेना, बाजूनं आलेली बाटली चुकायला लागली, तेव्हा काढलं त्यांनी. पण न बघता 'पास' म्हणणारा माणूस कसा बोलतो, ते मला अजून कळतं. ऊठ. खिडकीशी जा.

(ताई उठते, डिस्क खिडकीशी नेते. उजेडासमोर धरते.)

छोट्या : किती मोठं आहे भोक?

ताई : करंगळीच्या नखाएवढं.

छोट्या : एकच?

ताई : एक मोठं. त्याच्या शेजारी दोन बारके. उजेड सरळ येतोय त्यातून. समोरच्या इमारतीचा जिना दिसतोय मला.

छोट्या : तुला सकाळपासूनच माहीत होतं.

ताई : हो.

छोट्या : पाच वेळा आत घातलीस. माहीत असून.

ताई : वाटलं, वाचेल. मशीनच ते, एखाद्या वेळी चुकून वाचेल. माणसं चुकतात तसं मशीन एकदा आपल्या बाजूनं चुकेल. काय वाटलं ते आता विचारू नकोस.

छोट्या : कसं झालं?

ताई : तू म्हणालास ना काल, स्टिकर काढ. ड्राइव्हमध्ये डिस्क डगमगते, थडथडते, ते पिवळे स्टिकर आधी काढून टाक. सहा डिस्कचे काढले, नुसते कागदासारखे निघाले. हिचा धरला कोपऱ्याला आणि ओढला, तशी त्याच्या पाठीला चांदी चिकटून आली. सोललेल्या सालीसारखी. मी परत दाबून बसवायला गेले. बघ किती शहाणी मी. परत बसवायला गेले.

छोट्या : त्या सहा नंतरच्या मशीनच्या आहेत. त्यांची चांदी प्लॅस्टिकच्या दोन थरांमध्ये असते. ही पहिल्या मशीनची. हिची चांदी वरच असते, नावाच्या बाजूला. वर नुसता रंगाचा पापुद्रा. खालून कितीही ओरखडे पडू देत, चालतं. वरून नख लागलं तरी गेली.

ताई : हे तुला ठाऊक होतं?

छोट्या : होतं. काल बोलताना डोक्यात नव्हतं. सात डिस्क, सात स्टिकर, काढ म्हटलं. सहाचे काढ म्हणायला हवं होतं.

ताई : तू सांगितलंस, मी ओढला. पण लावला कुणी? मीच ना. तुला नावं दिसेनात, काळ्यावर निळी अक्षरं, म्हणून बसले. दोन दिवस बसले होते मी छोट्या. पिवळा कागद आणला, जाड काळा पेन आणला, ही एवढी एवढी अक्षरं काढली. तुला दिसावीत म्हणून. माझ्या हातांना आग लावावीशी वाटतेय.

छोट्या : हातांना काही म्हणू नकोस.

ताई : का नको? ज्यासाठी सगळं केलं, तेच या हातांनी सोलून काढलं. चांगलं करायला गेले आणि घाण करून बसले. जन्मभर हेच करत आलेय मी.

छोट्या : ताई, एक सांगू?

ताई : सांग.

छोट्या : ते स्टिकर मला वाचता येत नव्हते.

ताई : म्हणजे?

छोट्या : तू अक्षरं फार मोठी काढलीस. माझ्या नळीत एका वेळी एकच मावायचं. ट आला की एवढंच कळायचं, कशाचातरी ट आहे. मला बारीक आणि ठळक हवं होतं, मोठं नको होतं.

ताई : मग मी म्हणेन ती डिस्क बरोबर कशी काढायचास?

छोट्या : डब्यांवरून. बेडकांच्या डब्याचा कोपरा तुटलाय, फुटबॉलच्या डब्याला बिजागर नाही, टेकडीच्या डब्यावर तू लहानपणी दात मारलेत. बोटांनी कळतं.

ताई : आणि मला म्हणालास, छान झालं. आता कसं लख्ख दिसतं.

छोट्या : दोन दिवस बसली होतीस. पाठ दुखत होती तुझी. काय म्हणायला हवं होतं?

ताई : खरं म्हणायला हवं होतं. खरं बोलला असतास, तर तेव्हाच काढले असते... नाही. तेव्हाही ओढूनच काढले असते. लावायच्या आधी बोलायला हवं होतंस.

छोट्या : आधी तू विचारलंच नाहीस. आणून दाखवलेस.

ताई : हो. मी कुठे कुणाला विचारते.

छोट्या : इकडे आण ती. माझ्या डोळ्यासमोर धर. अजून वर. थोडी डावीकडे. हं. दिसला जिना. तीन पायऱ्या आणि कठडा.

ताई : बास कर.

छोट्या : मला असंच दिसतं सगळं. साधारण एवढंच. तू विचारायचीस ना, नक्की कसं दिसतं रे. हे असं.

ताई : बास म्हटलं ना छोट्या. टेबलावर ठेवू दे मला ती.

छोट्या : ठेव. डब्यात ठेव.

ताई : आता कशाला डब्यात?

छोट्या : जपून ठेवा म्हणालाय तो.

ताई : डॉक्टरांनी वर्षभर दिसेल म्हटलंय. वर्ष आहे अजून. शोधू. मी सगळ्यांना विचारीन, दुकानांतून फिरेन.

छोट्या : फार तर वर्षभर, असं म्हटलंय. तू तिथे होतीस ताई, 'फार तर' तूही ऐकलंस. आणि शोधणार कुठे? त्या लोकांना नऊ वर्षांत मिळाला नाही. मी काही फार मागत नव्हतो. डोळे परत मागितले नाहीत, नोकरी मागितली नाही. एकदा शेवटच्या गावाला पोचायचं होतं. चौदा गावांपर्यंत गेलो आपण, पंधराव्याला नाही. नकाशा पाच सेकंद दिसायचा आणि जायचा. तो तू पाठ करायचीस, मी गाडी चालवायचो. मग तू लग्न करून गेलीस.

ताई : मी गेल्यावर एकट्यानं खेळला असतास.

छोट्या : बसलो होतो. पाच सेकंदांत नकाशा माझ्या डोक्यात शिरत नाही, तुला माहीत आहे. दरीत गेलो. मग मशीन गुंडाळून माळ्यावर टाकलं. म्हटलं, ताई येईल तेव्हा. तू यायचीस दोन दिवसांसाठी, माणसं असायची, पोरं असायची. पंचवीस वर्षं गेली त्यात. आता महिनाभर राहायला आलीस आणि मला वाटलं, जमलं.

ताई : मलाही वाटलं. तुला सांगितलं नाही, पण रात्री पडल्या पडल्या मी डावं-उजवं म्हणून बघायची. आठवतंय का म्हणून.

छोट्या : आठवतंय?

ताई : चौदाव्या गावातून निघालो की आधी पूल.

छोट्या : थांब. डबी घेतो हातात.

ताई : त्यात काय आहे? बेडूक आहेत त्यात.

छोट्या : बंदच ठेवतो. नुसती हातात असू दे. सांग.

ताई : पूल ओलांडायचा, हळू. पुलानंतर डावीकडे. सरळ, गिरणीपर्यंत. गिरणीपाशी दोन रस्ते, त्यातला वरचा घ्यायचा.

छोट्या : वरचा. घेतला.

ताई : चढ आहे. दुसरा गिअर. मग वळण उजवीकडे, लगेच दुसरं उजवीकडे. मग माथा.

छोट्या : आलो माथ्यावर. तिथून गाव दिसायचं ना? खाली, दिवे लागलेले.

ताई : दिसायचं.

छोट्या : तिथवर एकदा आलो होतो आपण. तेवढ्यात आई कामावरून आली आणि स्विच बंद केला. हं. माथ्यावरून पुढे?

ताई : पुढे उतार. उतारावर एक झाड. झाडापाशी...

छोट्या : झाडापाशी?

ताई : झाडापाशी फाटा आहे. डावीकडे की... छोट्या, मला आठवत नाहीये. काल रात्रीही इथेच अडले मी.

छोट्या : सावकाश. डोळे मिट.

ताई : मिटलेत केव्हाचे. नाही दिसत रे काही.

छोट्या : मलाही नाही आठवत.

ताई : मग आता काय करू?

छोट्या : काही नको. हँडब्रेक ओढून ठेव. उतारावर आहोत आपण.