फाटकाला कुलूप

वेझर नदीवरची फेरीबोट पलीकडच्या काठाला रेंगाळली की अलीकडच्या रांगेत माणसाला कानांशिवाय दुसरा उद्योग उरत नाही. माझ्यापुढे एक जोडपं सायकली धरून उभं होतं. यातला एक शब्द जरी माझ्या पदरचा असला, तर माझी टोपी नदीत जावो.

"डेटलेफ, तुझा फोन माझ्या आईचं घर पलीकडच्या काठापासून दहा मिनिटांवर दाखवतोय!"

"काल रस्ता शोधायच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. तिचं ऐकू नकोस, वीबके."

"का? काय नवीन आहे तिच्यात?"

"आधी वाटेत फाटक दिसलं की सॉफ्टवेअर वळसा घ्यायचं. आता कुलूप नसेल तर सरळ आत घुसतं."

"कुठलं फाटक?"

"चेरीच्या बागेतलं."

"तिथे फाटक आहे?"

"नकाशावर आहे."

"आणि बागेत?"

"बागेत... नाही."

"नकाशावर कोणी घातलं मग?"

"सगळ्यांचा नकाशा तो. कोणीही घालतं."

"डेटलेफ!"

"मी घातलं."

"म्हणजे आई तिकडे राहायला गेल्यापासून मी गिरणीकडून वळसा घेऊन चिखलातून सायकल रेटतेय, ती तुझ्या खोट्या फाटकापायी? आई बिचारी म्हणते, 'एवढ्या लांबून येता, वाढदिवसाला आलात तरी पुष्कळ!'"

"आणि जवळ आहे कळल्यावर काय म्हणेल?"

"म्हणेल, दर रविवारी कॉफीला या."

"दर रविवारी."

"मग माझे केस, माझे पडदे, माझा बसलेला केक, सगळ्यालाच नावं ठेवणार..."

"बोट आली, चल."

"थांब. ते फाटक नकाशावर अजून आहे ना?"

"आहे."

"मग माझ्या तोंडाकडे काय बघतोस? कुलूप लाव!"