अकरा जोड्या आणि काका

नाही, पण मी म्हणतो, माणसं मोजायची ही कुठली पद्धत? अं? तुम्हीच सांगा! माणसं म्हणजे काय पायमोजे आहेत, जोडीजोडीनं मोजायला? तेहतीस वर्षं कंडक्टर होतो मी, तुम्हाला सांगतो, चहाला थांबलेली गाडी निघताना पुढून मागे, मागून पुढे, एकेक डोकं बोट दाखवून मोजायचो, कुणी फोन करायला गेलाय, कुणी झाडामागे गेलाय, सगळे येऊन टेकले की मगच डबल बेल! माझ्या गाडीतला एक माणूस कधी मागे राहिला नाही. एक! आणि ही आमची सहलीची मॅनेजर, माझ्या मुलीच्या वयाची पोर, पिवळी छत्री उंच धरून ओरडते कशी, 'चला चला, आपापल्या जोडीदाराचा हात धरा, मोजतेय हं मी!' आणि शेवटी अख्ख्या बंदराला ऐकू जाईल अशा आवाजात, 'अकरा जोड्या आणि काका!'

आणि काका. म्हणजे मी.

आता तुम्ही म्हणाल, जोडप्यांच्या सहलीत तडमडायला सांगितलं होतं कुणी? मुलीनं! ती तिकडे साता समुद्रापलीकडे, तिथून फोनवर बुकिंग केलं, 'ज्येष्ठांसाठी खास सहल' एवढं वाचलं, पुढचं 'जोडप्यांसाठी' वाचलंच नाही. 'बाबा, आईची इच्छा होती ना, जाऊन या.' होती खरी. आमच्या हिनं एका कॅलेंडरचं मार्चचं पान कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं, कुठलंसं परदेशातलं जुनं तटबंदीचं बंदर, एक बुरूज, मागे निळंशार पाणी. साडी काढताना रोज बघायची. 'एकदा जाऊ या हो.' मी म्हणायचो, रिटायर झालो की. झालो. आणि चार महिन्यांत हीच गेली. दोन वर्षं झाली. पान अजून तिथंच होतं, ते काढलं, घडी केली, खिशात घातलं आणि निघालो.

गाव सुंदर आहे हो, उगाच नाव कशाला ठेवा? तट एवढा रुंद की वर आपली गाडी आरामात वळेल. आतल्या गल्ल्या मात्र अशा की रिक्षाचासुद्धा आरसा घासेल. पिवळी घरं, निळी घरं, लाकडी सज्जे, सज्ज्यांवरून बोगनवेल खाली आलेली. आणि ऊन! सकाळी नऊला डोक्यावर बसलं ते उतरायला तयार नाही. त्या उन्हात आमची वरात, पुढे पिवळी छत्री, मागे हातात हात घातलेली अकरा जोडपी, आणि सगळ्यांत मागे... बरोबर!

त्यात एका जोडीतल्या आमच्या डॉक्टरीणबाई. दर वळणावर मान तिरकी करून, 'काका, एकटेच का हो?' अहो बाई, सकाळी सांगितलं ना! दुपारीही सांगितलं ना! आणि एकटा माणूस म्हटला की फोटोग्राफर फुकट. 'काका, जरा आमचा एक काढता?' एका तोफेपुढे अकरा जोड्यांचे अकरा फोटो मी काढले. प्रत्येकाला 'जरा हसा' म्हणायचं, ते हसायचे, मीही हसायचो. माझा फोटो? आहे की. माझ्या अंगठ्याचा.

तर संध्याकाळी शेवटचा बुरूज. दाराशी एक वॉचमन, दोन्ही हातांत मोजायची दोन यंत्रं, आत शिरलेल्याला डावीकडे टक्, बाहेर पडलेल्याला उजवीकडे टक्. मी मनात म्हटलं, वा! हा आपला माणूस. तेवढ्यात मॅनेजरबाईंना फोन आला. 'काका, तुमची जोडी माझ्याशी ना? मग धरा बरं ही छत्री जरा.' धरली. म्हटलं, चला, कुणाचा तरी हात... निदान छत्रीची मूठ.

वर गेलो, आणि खिशातलं पान काढलं. कुठून काढला असेल हा फोटो? सरकत सरकत पार टोकाच्या दगडी चौकीत पोचलो, पहारेकऱ्याची, एका माणसापुरती. आणि तिथून बघितलं... अगदी तेच हो! समोर पलीकडे तोच पानावरचा बुरूज, तेच पाणी. बसलो कट्ट्यावर. म्हटलं, 'बघ बाई, हा तुझा मार्च.' मोठ्यानं म्हटलं. कुणी नव्हतंच ऐकायला.

तेवढ्यात खालून आवाज. 'हात धरा, हात धरा! एक, दोन, तीन...' फोनवर बोलता बोलता मोजतेय. '...दहा, अकरा! अकरा जोड्या!' मी थांबलो. म्हटलं, आता येईल. 'आणि...' म्हणेल. दिवसभर ज्या शब्दांनी अंगाची लाही झाली ना, त्या दोन शब्दांसाठी कान लावून बसलो! एक हाक मारली असती तर काम झालं असतं. नाही मारली. बघू या तरी म्हटलं, कुणाच्या लक्षात येतं का.

बसचं दार लागलं. इंजिन सुरू झालं. आवाज लांब गेला. तो आवाज मला ओळखता येत नाही होय?

खोटं कशाला बोलू, रडलो. आणि आठवण कसली आली, तर आमच्या हिच्या मोजण्याची! प्रवासाला निघताना दारात उभी राहून मोजायची, 'दोन बॅगा, एक पिशवी, पाण्याची बाटली, आणि तुम्ही.' मी पस्तीस वर्षं चिडलो. 'मी काय सामान आहे का?' 'असू दे हो,' म्हणायची, 'मोजलेलं बरं असतं.'

आणि मग जिन्यावर पावलं! धापा टाकत वॉचमन! त्याची भाषा मला ओ की ठो कळत नव्हती, पण ओरडा कुठल्याही भाषेत कळतो. मला मराठीतच ऐकू आला, 'कुठे दडून बसलात हो? सगळा बुरूज पालथा घातला! बंद करायची वेळ झाली!' आणि दोन्ही यंत्रं माझ्या नाकासमोर. डावीकडे चारशे बारा. उजवीकडे चारशे अकरा.

चारशे बारावा मी! अहो, एका माणसासाठी दार बंद करत नव्हता तो! मी त्याचे दोन्ही हात धरले, यंत्रांसकट. तो बिचारा घाबरला. खाली आणलं, बाहेर पडलो, आणि त्यानं माझ्याकडे बघत सावकाश, उजवीकडे... टक्.

मग त्याच्याच स्टुलावर बसलो अर्धा तास. आणि आली! बस आली परत! मी उभा राहिलो, शर्ट नीट केला, म्हटलं बघा, आठवण झाली शेवटी. मॅनेजरबाई धावत उतरल्या, चेहरा रडवेला. 'अय्या काका! तुम्ही इथे कसे? बरं झालं बाई भेटलात... आमची छत्री बघितलीत का हो कुठे?'

दिली छत्री. काय करता? बसमध्ये चढलो तर डॉक्टरीणबाई, 'काका, एकटेच का हो?' आणि पुढून आवाज, 'झालं, मिळाली! अकरा जोड्या, छत्री, आणि काका!'

आता मी घरातून निघताना स्वतःच मोजतो. दारात उभा राहून, मोठ्यानं. 'किल्ली, चष्मा, पिशवी, आणि तुम्ही.' मोजणी रोज बरोबर येते. येणारच हो... मोजणारा मीच, आणि 'तुम्ही'सुद्धा मीच.